पहिली कळ

१

औषधाच्या डबीला मुंग्या लागलेल्या रत्नमाला खिल्लारे यांनी तोवर कधी पाहिल्या नव्हत्या.

वरच्या मजल्यावरच्या दांडगे कुटुंबाच्या स्वयंपाकघरात त्या पाणी घ्यायला म्हणून गेल्या होत्या. फ्रिजवर सात वारांचे सात खण असलेली प्लास्टिकची डबी होती. घरच्या मनकर्णाबाईंच्या गोळ्या दर रविवारी तिच्यात भरून ठेवलेल्या असत. भिंतीवरून काळ्या मुंग्यांची एक बारीक रांग निघाली होती आणि फ्रिजच्या कडेनं वर चढून थेट त्या डबीत उतरत होती. रत्नमालाबाईंनी झाकण उघडलं. खणात थायरॉइडची छोटी गोळी होती, कॅल्शियमची मोठी गोळी होती आणि ॲसिडिटीची गुलाबी कॅप्सूल होती. गोळ्यांना मुंग्यांनी तोंडसुद्धा लावलं नव्हतं. सगळ्या जणी कॅप्सूलच्या मधल्या सांध्याला चिकटल्या होत्या.

बाहेरच्या खोलीत मनकर्णाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की छातीत आग उठायची, घशाशी आंबट यायचं, म्हणून गेले काही आठवडे त्या बसल्या बसल्याच डोळे मिटत. ॲसिडिटी त्यांना जुनीच होती. कित्येक वर्षं रोज सकाळी एक कॅप्सूल घेतली की दिवस सुखाचा जायचा. मग आता एकाएकी काय झालं, हे डॉक्टरांनाही कळत नव्हतं. त्यांनी कॅप्सूल दुप्पट केली, तरी आग हटेना.

रत्नमालाबाई पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्ती त्यांच्या अंगवळणी पडली नव्हती. उस्मानपुऱ्यातल्या या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत, आणि दिवसातून कितीतरी वेळा उगीचच खिडकीपाशी जाऊन रस्ता न्याहाळत. एका जागी बसणं त्यांना जमत नसे. त्यांनी पाण्याचा तांब्या मनकर्णाबाईंना दिला, चार शब्द बोलल्या आणि डबीतल्या दोन कॅप्सूल रुमालात बांधून खाली आपल्या घरी आल्या.

त्याआधी रस्त्यावर उतरून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून त्याच नावाची एक नवी स्ट्रिप घेतली होती. ओट्यावर दोन वाट्यांत पाणी घेऊन एकीत नव्या कॅप्सूलमधले बारीक पांढरे दाणे टाकले आणि दुसरीत डबीतल्या कॅप्सूलमधले. दिसायला दोन्ही सारखेच, खसखशीसारखे. पहिल्या वाटीतले दाणे तळाशी जाऊन तसेच पडून राहिले. दुसऱ्या वाटीतले त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळले. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. साखर होती.

होमिओपॅथीचं औषध ज्यांवर टाकून देतात, त्या साखरेच्या बारीक गोळ्या. कोणीतरी एकेक कॅप्सूल उघडली होती, आतलं औषध फेकून दिलं होतं, साखर भरली होती आणि पुन्हा जिथल्या तिथं बंद केली होती. असं चुकून होत नाही.

रत्नमालाबाईंनी दुसरी कॅप्सूल न उघडता जपून ठेवली. कारण मनकर्णाबाईंच्या छातीतल्या त्या आगीवर दांडग्यांच्या घरातल्या एका माणसाचा जीव टांगलेला होता.

२

तो माणूस म्हणजे मनकर्णाबाईंचा धाकटा मुलगा कृष्णा. तिशीही ओलांडली नव्हती. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचं आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्यांच्या वराती कापायच्या-जोडायच्या, एवढंच त्याचं आयुष्य उरलं होतं. हल्ली डायलिसिसही त्याला झेपत नव्हतं. मनकर्णाबाईंनी आपली किडनी द्यायची ठरवली. रक्तगट जुळला, ईसीजी झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली, सगळं ठीक निघालं. गुडघे दुखतात म्हणून ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालायची तपासणी मात्र राहून गेली होती. आणि ऐन वेळी हे छातीचं दुखणं उपटलं.

डॉक्टर सावध झाले. छातीतली आग अन्ननलिकेची आहे की हृदयाची, हे नुसत्या दुखण्यावरून आम्हालाही सांगता येत नाही, असं त्यांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. दुर्बीण घालून पाहिली, तर अन्ननलिका आतून लाल झालेली. पण दुप्पट औषधानंही फरक नाही म्हटल्यावर त्यांना शंका राहिली. ठाम कारण कळेपर्यंत या बाईंना टेबलावर घेणार नाही, असं ते म्हणाले. ऑपरेशन लांबलं.

म्हणजे ज्याला हे ऑपरेशन होऊ द्यायचं नव्हतं, त्यानं कॅप्सूल उघडल्या होत्या. पोलिसांत जायचं म्हटलं तर घर फुटणार, आणि असल्या भानगडीचा वास लागला की ऑपरेशनला परवानगी देणारी समितीही हात आखडणार. रत्नमालाबाईंनी तूर्त कोणालाच काही सांगायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई आंघोळीला गेल्या असताना त्यांनी डबीतल्या साखरेच्या कॅप्सूल काढून तिथं खऱ्या ठेवल्या, आणि पुढं रोज कोणत्या ना कोणत्या निमित्तानं येऊन डबी पाहत, साखरेच्या दिसल्या की बदलत राहिल्या.

डबी फ्रिजवर उघडीच असायची. कृष्णा दर रविवारी स्वतःच्या गोळ्यांबरोबर आईचीही डबी भरायचा, कारण औषधांची इंग्रजी नावं मनकर्णाबाईंना वाचता येत नसत. त्यानंतर आठवडाभर घरातल्या कोणाचाही हात तिथं पोचत होता.

पहिला संशय अर्थातच आप्पासाहेबांवर. मनकर्णाबाईंचे यजमान. कालव्याच्या खात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी. त्यांच्या खिडकीत होमिओपॅथीच्या बाटल्यांची रांगच होती. रत्नमालाबाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या तेव्हा ते चहा पीत होते. बशीवर कप सारखा वाजत होता. हाताचा कंप वाढलाय, असं ते स्वतःच म्हणाले. बाटलीतून चार गोळ्या झाकणात काढायच्या तरी सूनबाईला हाक मारावी लागते.

ऑपरेशनबद्दल त्यांचं मत त्यांनी लपवलं नाही. लेकरू आजारी आहे म्हणून बायकोही टेबलावर झोपवायची, हे त्यांना पटलं नव्हतं. पण त्यांच्या मनात त्याहून वेगळीच एक गोष्ट घोळत होती. मध्यंतरी मनकर्णाबाई भाच्याच्या लग्नाला करमाडला भावाकडं जाऊन राहिल्या होत्या. तिथं त्यांना काहीसुद्धा झालं नाही. घरी परतल्या आणि पुन्हा आग सुरू.

आवाज खाली आणून आप्पासाहेब म्हणाले, "खिल्लारे मॅडम, बाहेर खाल्लं की बरं, घरी खाल्लं की दुखतं. आमच्या घरात स्वयंपाक कोण करतं, ते तुम्हाला माहीत आहे."

३

स्वयंपाक श्रेया करायची. थोरल्या सोमनाथची बायको. आप्पासाहेबांनी तिला तोंडावर काही म्हटलं नव्हतं, पण बायकोला त्यांनी हळूच सांगून ठेवलं होतं की आपलं दूध-भाकरी आपल्या हातानं करून घेत जा. अशा गोष्टी घरात लपत नाहीत. श्रेया समजायचं ते समजली होती. ताटं वाढताना ती आता कोणाकडं पाहत नसे.

रत्नमालाबाईंनी करमाडला फोन लावला. मनकर्णाबाईंची भावजय केसरबाई फोनवर होती. तिनं सांगितलं त्यावरून, वन्सं तिथं चार दिवस लग्नातलं तेलकट-तिखट जेवल्या आणि घोरत झोपल्या. औषध विचारल्यावर केसरबाई म्हणाली, डबी आणायला विसरल्या होत्या, येताना मेडिकलमधून नवी स्ट्रिप घेऊन आल्या होत्या.

एवढं पुरेसं होतं. करमाडला अन्न बदललं होतं, पण कॅप्सूलही बदलली होती. आणि तेलकट खाऊन ॲसिडिटी उतरली, हे तर उलटंच झालं. श्रेयाच्या भाजीचा यात काही संबंध नव्हता.

तरी कॅप्सूलमध्ये तिचा हात असू शकतोच, म्हणून रत्नमालाबाई गच्चीवर गेल्या. श्रेया वाळलेले कपडे काढत होती. ती वळूनही न पाहता म्हणाली, "मावशी, माझ्यासाठीच आलात ना?"

मग ती पायरीवर बसली आणि बरंच काही बोलली. आई ऑपरेशनला चालल्या नाहीत तर पुढं कोण, याचा विचार या घरात तिच्याखेरीज कोणी करत नव्हतं. आप्पांना साखरेचा आजार. उरला एकटा सोमनाथ. तिच्या पोटात चौथा महिना चालू होता. आईंचं दुखणं थांबावं म्हणून मी किती नवस बोलले ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मला स्वार्थी म्हणाल, असं ती म्हणाली, आणि हातातला शर्ट पुन्हापुन्हा घडी करत राहिली.

सोमनाथ शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो रत्नमालाबाईंना गुलमंडीत भेटला. आईला दवाखान्यात घालायला मऊ सुती गाऊन घ्यायला आला होता. आईचं ऑपरेशन नको, असं तो घरात सगळ्यांसमोर भांडून म्हणाला होता, म्हणून त्याचं नाव यादीत होतंच. रत्नमालाबाईंनी त्याला रसवंतीत बसवलं आणि सरळ विचारलं की आई बाद झाली तर तू काय करशील.

त्यानं ग्लास खाली ठेवला. माझा रक्तगट कृष्णाशी जुळतो, असं तो हळूच म्हणाला. कारखान्याच्या तपासणीत कळलं होतं. घरात बोललो नाही. आईनं करू नये असं वाटतं, आणि आईनं नाही केलं तर माझ्यावर येईल याचीही धास्ती वाटते. त्यानं गाऊनची पिशवी मांडीवर ओढून घेतली. एवढं कबूल करणारा माणूस आईला बाद करायला स्वतः हातभार लावणार नाही. तो तर रात्रंदिवस तिच्या तब्येतीला जपत असणार.

तोवर खऱ्या कॅप्सूलनी आपलं काम केलं होतं. मनकर्णाबाईंची आग विझली. त्या रात्री सपाट पडून झोपू लागल्या. डॉक्टर समाधानानं म्हणाले, ॲसिडिटीच होती, आता औषध लागू पडलं. येत्या सोमवारी ऑपरेशन ठरलं.

ही बातमी आली तेव्हा रत्नमालाबाई मुद्दाम दांडग्यांच्या घरात बसून होत्या. त्यांना चेहरे पाहायचे होते. आप्पासाहेबांनी मान खाली घातली. श्रेयानं देवापुढं साखर ठेवली. सोमनाथनं आईचे पाय धरले. आणि कृष्णा, ज्याला नवा जन्म मिळणार होता तो कृष्णा, भिंतीला धरून उभा राहिला, पांढराफटक पडला आणि तोंड धुवायला निघून गेला.

४

रत्नमालाबाईंना त्या दुपारी घरात थारा लागेना. स्वयंपाकघरातून खिडकीकडं, खिडकीतून दाराकडं अशा त्या फिरत राहिल्या.

आप्पासाहेब बाद झाले होते. ज्यांच्या हातात कप ठरत नाही, ते बोटाच्या पेराएवढ्या कॅप्सूलमध्ये खसखशीएवढे दाणे भरूच शकत नाहीत. श्रेया आणि सोमनाथ यांचं तर मनकर्णाबाई बाद होण्यात नुकसानच होतं. उरला तो एकच, आणि त्याच्यावर त्यांनी पहिल्या दिवसापासून संशयच घेतला नव्हता. ज्याला किडनी हवी, तो ती का नाकारेल?

पण त्यांना आता एक गोष्ट आठवत होती. श्रेयाच्या जेवणावर घरात संशय होता, त्या दिवसांत आप्पासाहेब ताटात चिवडत बसत, मनकर्णाबाई दूध-भाकरी खात. कृष्णा मात्र तिच्या हातची भाजी मागून घ्यायचा. ज्याला मिठाचा खडासुद्धा मोजून खावा लागतो, असा आजारी मुलगा त्या स्वयंपाकाला जराही बिचकत नव्हता. अन्नात काही नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि ते पक्कं माहीत असायला दुखणं कुठून येतं हे माहीत असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी त्या डायलिसिस सेंटरवर गेल्या. कृष्णा खाटेवर पडला होता. हातातून निघालेली रक्ताची नळी यंत्रात जात होती. रत्नमालाबाईंनी स्टूल ओढलं आणि साखरेची ती दुसरी कॅप्सूल त्याच्या चादरीवर ठेवली.

त्यानं नाकारलं नाही. कॅप्सूल मोकळ्या हाताच्या मुठीत घेतली. मग सांगू लागला. आप्पांच्या बाटलीतल्या गोळ्या कमी झाल्या असत्या तर आप्पांना कळलं असतं, म्हणून त्यानं बाहेरून आणल्या. एडिटिंगच्या टेबलावर बसून कॅप्सूल भरल्या. त्याच्या शेजारच्या खाटेवर एक जण यायचा. त्याच्या आईनं किडनी दिली, ती तीन वर्षंसुद्धा टिकली नाही, आणि म्हातारी अजून पोटाला पट्टा बांधून फिरते. ते पाहिल्यापासून कृष्णा आईला नको म्हणत होता. आईनं ऐकलं नाही. ऑपरेशनच्या कागदांवर सही करायला मी नकार देतो म्हटल्यावर तिनं जेवण सोडलं.

"औषध बंद केल्यावर तिला एवढं दुखेल असं वाटलं नव्हतं, मावशी. थोडं दुखलं की डॉक्टर घाबरतील, हार्ट म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. वहिनीवर आलं तेव्हा सांगणार होतो. जीभ उचलली नाही."

"पण हे सुचलं कसं तुला?"

"पाण्याच्या दिवशी," कृष्णा म्हणाला. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं आणि इमारतीची मोटार जळाली होती. आईनं खालून दोन कळश्या वर आणल्या. मधल्या जिन्यात ती खालीच बसली. छाती धरली होती, घाम सुटला होता. दोन-चार मिनिटांत उठली आणि ढेकर देऊन ॲसिडिटी आहे म्हणाली. पण सोमनाथदादा घाबरला. हार्टचं असलं तर डॉक्टर तुझी किडनी घ्यायचेच नाहीत, असं तो तिला म्हणाला. "ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात आलं."

रत्नमालाबाई स्टुलावरून उठल्या.

"कृष्णा, तेव्हा तू कॅप्सूल बदलल्या होत्यास?"

"नाही. सांगतोय ना, त्यानंतर बदलल्या."

त्या दिवशी मनकर्णाबाईंच्या पोटात खरी कॅप्सूल होती. मग ती पहिली कळ आली कुठून?

५

रिक्षात त्यांना बसवत नव्हतं. सिग्नलला रिक्षा थांबली की त्या उगीच बाहेर डोकावत. साखर काढून खरं औषध आपणच ठेवलं होतं. आपणच आग विझवली, म्हणून डॉक्टरांची शंका गेली. सोमवारी मनकर्णाबाई टेबलावर गेल्या, तर त्यांना तिथं पोचवणाऱ्या आपणच.

आणि आता एकामागून एक आठवणी समोर येत होत्या. रोज सकाळी दोघी फिरायला जात. पूर्वी मनकर्णाबाई पुढं चालायच्या. हल्ली चढ लागला की त्या थांबत, कुठलीतरी गोष्ट काढत, बोलत राहत आणि मग चालू लागत. गच्चीवर जाणंही त्यांनी सोडलं होतं, गुडघ्याचं निमित्त सांगून. हे सगळं ॲसिडिटीत बसत नव्हतं. जी आग साखरेनं पेटवली, ती जेवल्यावर आणि आडवं झाल्यावर यायची. ही दुसरी, चालल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी. एका छातीत दोन दुखणी होती, आणि सगळ्यांनी त्यांना एकच नाव दिलं होतं.

मनकर्णाबाई दवाखान्याची पिशवी भरत होत्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. रत्नमालाबाईंनी दार लावून घेतलं.

"मनकर्णाबाई, चालताना छातीत काय होतं ते खरं सांगा."

मनकर्णाबाई टॉवेलची घडी घालत राहिल्या. म्हणाल्या, आता लई बरं हाय, औषध लागू पडलं.

"आग बरी झाली. मी दुसऱ्याबद्दल विचारतेय. पाण्याच्या दिवशी झालं ते."

घडी मध्येच थांबली. पिशवी बाजूला सरकवून त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"दगड ठिवल्यावानी व्हतं," त्या म्हणाल्या. "हितून जबड्यापोतर येतं. डाव्या हातात जड जड. उभं राह्यलं की जातं."

"अन् डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"जळजळ. त्यांनी इचारलं जळजळतं का, म्या व्हय म्हणलं. ते बी खोटं नव्हतं, जळत बी व्हतंच की." मग त्यांनी रत्नमालाबाईंचा हात घट्ट धरला. "बाई, सोमवार हुं द्या. तेवढी एक किडनी काढून घिऊ द्या. मंग माझं काय व्हायचं ते हू द्या. तुमच्या पाया पडते, डाक्टरला बोलू नका."

रत्नमालाबाई इतकी वर्षं पोलिसात होत्या. खोटं बोलणाऱ्यांची त्यांना सवय होती. पण एकाच घरात आई मुलासाठी खरं दुखणं लपवते आणि मुलगा आईसाठी खोटं दुखणं उभं करतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं.

"टेबलावर तुमचं काही झालं," त्या शेवटी म्हणाल्या, "तर ती किडनी कृष्णाच्या अंगात राहील. रोज सकाळी उठून तो काय म्हणेल, विचार केलात? त्याला ती सुखानं पचेल का?"

मनकर्णाबाईंनी त्यांचा हात सोडला. त्या उठल्या, दोन पावलं चालल्या आणि कपाटाला धरून थांबल्या. कपाळावर घाम आला होता. या वेळी त्या जिना चढल्या नव्हत्या, चढही चालल्या नव्हत्या.

उभं राहूनही ती कळ जात नव्हती.

६

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कोणीतरी ॲसिडिटीचं गुलाबी औषध आणून दिलं. आधी हे पाजा, यांना ॲसिडिटी आहे, असं तो म्हणत होता. रत्नमालाबाईंनी बाटली बाजूला सारली आणि दवाखान्यात दारातच सांगितलं की या बाईंना ॲसिडिटी आहे हे खरं, पण हे ते नाही.

अँजिओग्राफीत हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद सापडली. त्याच संध्याकाळी स्टेंट बसवला. हृदयाचे डॉक्टर बाहेर येऊन आप्पासाहेबांना म्हणाले की पेशंट स्वस्थ पडून असताना काढलेला ईसीजी अशा वेळी साफ दगा देतो. आणि ज्याला ॲसिडिटी आहे त्याला हृदयविकार होणार नाही असं कोणी लिहून दिलेलं नसतं, दोन्ही एकाच वेळी असतात. सोमवारी भूल दिली असती तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

किडनी द्यायचा प्रश्न मनकर्णाबाईंपुरता मिटला होता.

त्यांना साध्या खोलीत आणलं त्या दिवशी रत्नमालाबाई कृष्णाला दाराबाहेर घेऊन गेल्या. मी कोणाला काही सांगणार नाही, असं त्या म्हणाल्या. पोलिसांतही नाही. पण एका बाईवर या घरानं विष घालण्याचा आळ घेतलाय आणि तो तुझ्या एकट्याच्या तोंडून उतरू शकतो. तो आत सगळ्यांसमोर गेला. रत्नमालाबाई दाराशीच उभ्या राहिल्या. बाहेरच्या बाकावर बसायला त्यांना सांगितलं होतं, पण बसवत नव्हतं.

कृष्णानं सगळं सांगितलं. कॅप्सूल, साखर, एडिटिंगचं टेबल. सांगताना तो आईकडं पाहत होता, पण शेवटचं वाक्य वहिनीकडं वळून बोलला. 

मनकर्णाबाईंनी आधी तोंड उघडलं. "माझ्याशी बोलायचं व्हतंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्या बी तुला कुठं सांगितलं." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. कृष्णानं त्यांच्या पायांवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

सोमनाथ खिडकीकडं तोंड करून उभा होता. माझा रक्तगट जुळतो, असं त्यानं तसंच पाठमोरं राहून सांगितलं. आजवर बोललो नाही, उद्या तपासणीला जातो. कृष्णा नको म्हणायला पुढं झाला, आप्पासाहेब काहीतरी पुटपुटले, आणि तिघेही एकदम बोलू लागले.

"थांबा," श्रेया म्हणाली.

ती कोपऱ्यात उभी होती. इतके दिवस खाली गेलेली तिची मान वर आली होती. आवाज चढवलेला नव्हता.

"आईंना वाढायच्या आधी प्रत्येक भाजी मी स्वतः खाऊन बघत होते. आपल्याच हातचं. आपण खरंच काही चुकतोय का म्हणून. पोटात बाळ असताना." तिनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. "इथं प्रत्येकानं दुसऱ्याचं भलं करायचं म्हणून त्याच्यापासून लपवलं. यांनीसुद्धा. तपासणी करायची की नाही, ते आम्ही दोघं ठरवू. डॉक्टरांना मी स्वतः भेटेन, काय काय होऊ शकतं ते सगळं विचारेन, आणि मग सांगू. हो म्हणू किंवा नाही म्हणू. पण मला न विचारता या घरात आता कोणी कोणासाठी काही करायचं नाही."

 कृष्णानं मान डोलावली.

खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर आप्पासाहेब बसलेले होते. ते काठीला धरून उठले. ती खुर्ची फरशीवरून खरखर ओढत त्यांनी सुनेपुढं आणून ठेवली आणि स्वतः बाजूला उभे राहिले.

श्रेया लगेच बसली नाही. खुर्चीकडं बघत ती थोडी थांबली. मग बसली.